पो नदी आणि एक प्लेट रिसोत्तो

'रिसोत्तो म्हणजे आपला मऊ भातच की!' तुरीनच्या ऑफिसमध्ये लंचला मी हे बोलून गेले आणि समोरच्या कलीगचा चेहराच पडला. त्याचे बाबा वेर्चेल्लीला भातशेती करतात. 'रविवारी घरी चल, मग बोल,' एवढंच म्हणाला.

ही गोष्ट जुलै २०२२ची. तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर गेले होते. तुरीनमधून वाहणारी पो म्हणजे इटलीतली सर्वांत लांब नदी. मोन्विझो डोंगरात उगम, पुढे ६५२ किलोमीटरचा प्रवास आणि शेवटी एड्रियाटिक समुद्र. पण त्या वर्षी हिवाळ्यात आल्प्सवर बर्फ कमी पडलं, पाऊसही रुसला. सत्तर वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ! पाणी इतकं आटलं, की गुआल्तिएरीजवळ १९४३मध्ये बुडालेली 'झिबेल्लो' ही मालवाहू बोट वाळूतून वर आली. टीव्हीवर सगळे तीच दाखवत होते. तिकडे मुखाशी मात्र नदीचा जोर संपल्यामुळे समुद्राचं खारं पाणी उलटं आत घुसलं होतं. तेही जवळजवळ तीस किलोमीटर!

रविवारी वेर्चेल्लीला गेलो. युरोपियन युनियनमधला निम्मा तांदूळ एकट्या इटलीत पिकतो आणि त्यातला बराचसा याच पट्ट्यात. पोचं पाणी इकडच्या शेतांत आणायला १८६३ ते १८६६ या काळात कावूर कालवा खणला गेला. आता त्याच पाण्याच्या पाळ्या लागल्या होत्या. कलीगच्या बाबांनी अर्धं शेत वाचवायला उरलेलं अर्धं वाळू दिलं होतं. कुठलं अर्धं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. बांधाच्या एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला हात जाईल एवढ्या भेगा. जेवायला रिसोत्तोच होता. मी निमूट जेवले.

खरं सांगू? मावळात आमचंही थोडं इंद्रायणीचं शेत आहे. 'विकून टाका ना बाबा, फार्महाउसवाले मस्त भाव देतात,' असं मी दर दिवाळीला म्हणायचे. त्या दुपारी तिथल्या बांधावरूनच घरी फोन लावला.

'बाबा, लावणी झाली का?'

दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, 'चिखलात उभा आहे गं. नंतर बोलू.'

शेत विकायचं की ठेवायचं, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. पण आता तो विषय मी काढत नाही. आणि रिसोत्तोला मऊ भात तर मुळीच म्हणत नाही!