मुक्तीनंतरचे दिवस

लेखनातून संस्था उभी राहिल्याची उदाहरणे मराठीत थोडी. अनिल अवचटांचे ‘गर्द’ वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. नावातच मुक्ती आहे. आपल्या बहुतेक व्यसनकथाही तिथेच संपतात: मुलगा केंद्रातून घरी येतो, आईचे डोळे भरून येतात, पडदा पडतो.

संशोधन नेमके या जागी आपल्याला अडवते. २००३ साली जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटासा अभ्यास मांडला. हेरॉइनसारख्या व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी अतिमात्रेने दगावलेले सगळे रुग्ण उपचार पूर्ण केलेल्यांतले होते! कारण साधे आहे. नशा थांबली की शरीराची सवय मोडते. मग जुनीच मात्रा श्वास थांबवायला पुरते. तुरुंगातून सुटणाऱ्याचेही तेच. कल्याणच्या आधारवाडी कारागृहातून सुटून उल्हासनगरची लोकल पकडणाऱ्या तरुणाला हे कोणी बजावून सांगितलेले असते काय?

धोरण म्हणून यातून पुष्कळ निघते. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली. चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. श्वास परत आणणारे नॅलोक्सोन रुग्णाच्या घरच्यांच्या, मित्रांच्या हाती असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच केली आहे. आपल्याकडे निरोपाच्या दिवशी उपदेश भरपूर मिळतो. त्याबरोबर हे औषध आणि ते वापरण्याचे शिक्षण द्यायला काय हरकत आहे?

‘अशाने व्यसनाला मुभा मिळेल’ हा आक्षेप मला पटत नाही. मेलेल्या माणसाचे व्यसन सोडवता येत नाही. खरी अडचण कायद्यात आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम २७ सेवनालाच गुन्हा ठरवते. कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला संरक्षण देते, पण शेजारी निपचित पडलेल्या मित्रासाठी १०८ फिरवणाऱ्याला स्पष्ट अभय देत नाही. तो पोलिसांच्या धास्तीने पळतो, आणि ती दहा मिनिटे वाया जातात. संसदेने बदलायचे ते हे कलम. तोवर निदान उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून आधारवाडीच्या फाटकापर्यंत नॅलोक्सोन पोहोचवण्यासाठी कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागू नये.