आधी बारगीर व्हा, मग शिलेदार



मागच्या आठवड्यात एका दादांचा फोन आला. वय ३८, खासगी नोकरी, गावाकडे थोडी शेती. म्हणाले, "सर, यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जातोय. दोन घोड्या घेतो आणि लग्नात वरातीला भाड्याने देतो. आमच्या तालुक्यात एवढी लग्नं होतात, पण घोडी बाहेरून मागवावी लागते. लोनचं बोलणं झालंय. नोकरी सोडू का?"

मी एवढंच विचारलं, "दादा, घोड्याचा खूर कधी साफ केलाय?"

दोन सेकंद शांतता. मग हसले. "सर, मी घोड्यावर बसलोय ते फक्त माथेरानला. अर्धा तास. तेही घोडेवाल्याने दोरी धरली होती."

ज्यांना नंदुरबारकडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. देशभरातून व्यापारी येतात. तिथे घोडा घेणं अवघड नाही. खिशात पैसे असले की संध्याकाळपर्यंत तुम्ही घोड्याचे मालक. अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, तुम्हीच तर सांगता, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, उडी मारा!" हो, सांगत होतो. बऱ्याच व्हिडिओत सांगितलंय. आज मी ते वाक्य मागे घेतोय. आणि ते मला कुठल्या बिझनेसच्या पुस्तकाने नाही, एका म्हाताऱ्या घोडीने शिकवलं.

पहिल्या दिवशी खोगीर नाहीच

वयाच्या ४३व्या वर्षी मी घोडेस्वारी शिकायला गेलो. नवे बूट, हेल्मेट, मोबाईल चार्ज केलेला. फोटो काढायचा होता ना! उस्तादांनी माझ्या हातात लगाम दिलाच नाही. खरारा दिला. म्हणाले, "आधी हिला साफ करा."

पहिला आठवडा असाच गेला. घोड्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, तोंडाने काहीतरी बोलत. कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर लाथ बसणार, आणि चूक तुमचीच. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. घोडा बुजून पळाला तर गुंडाळलेली दोरी तुम्हाला फरफटत नेते. खूर उचलायचा तर आधी पायावरून हात खाली न्यायचा, तळातली घाण टाचेकडून पुढे काढायची आणि मधल्या मऊ त्रिकोणी भागाला जपायचं.

मला राग यायचा. पैसे भरलेत स्वारीचे आणि उचलतोय लीद! पण आठव्या-नवव्या दिवशी खरारा करताना माझ्या लक्षात आलं की आज घोडीचे कान मागे आहेत आणि ती एका पायावर भार देत नाहीये. उस्तादांना सांगितलं. नालेजवळ खडा अडकला होता. मी तसाच बसलो असतो तर घोडी लंगडी झाली असती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी शिकलो.

मी पडलो कसा

तिसऱ्या आठवड्यात घोडी दुडक्या चालीला लागली आणि मी घाबरलो. घाबरलेला नवशिका काय करतो? दोन गोष्टी एकदम. पाय घट्ट आवळतो आणि लगाम ओढतो. पाय सांगतात "पळ", हात सांगतात "थांब". बिचाऱ्या जनावराने ऐकायचं कुणाचं? घोडी गोंधळून बाजूला सरली आणि मी मातीत.

घोडी मात्र उभी राहिली, कारण ती म्हातारी होती, शांत होती. माझ्यासारखे कित्येक तिने पाहिले होते. नवशिक्याला शिकलेला घोडाच द्यायचा असतो. घोडाही नवा आणि स्वारही नवा, तर दोघांपैकी एकाचं हाड मोडणार.

आता फोनवरच्या दादांचा विचार करा. घोडी नवीन, मालक नवीन, पाठीवर नवरदेव, पुढे बँडबाजा, पायाशी फटाक्यांची माळ. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. गर्दीत तो उधळला तर फक्त तुमचं लोन बुडत नाही, कुणाचं तरी लग्नघर हॉस्पिटलात जातं.

शिवाय हप्ता सांगणार "पळ" आणि भीती सांगणार "थांब". कर्ज काढून न शिकलेला धंदा सुरू करणारा माणूस रोज तेच करतो, जे मी तिसऱ्या आठवड्यात केलं. फरक एवढाच की मी दुसऱ्याच्या घोडीवरून पडलो. मला फक्त खरचटलं.

घोडं इथंच पेंड खातं

अक्षरशः खातं! साधारण ४०० किलोच्या घोड्याला रोज ८ किलोच्या आसपास सुका चारा लागतो. कष्ट असतील तर वर चंदी. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी. त्यात धनुर्वाताची लस, जंताचं औषध, तबेला, मोतद्दाराचा पगार.

आणि लग्नाचे मुहूर्त? आषाढी ते कार्तिकी एकादशी, म्हणजे चातुर्मासाचे चार महिने जवळपास सामसूम. घोडी त्या चार महिन्यांतही तेवढंच खाणार. दुकानाचं शटर खाली ओढता येतं, घोड्याच्या तोंडाला शटर नसतं.

अजून एक गोष्ट. घोड्याला उलटी करता येत नाही. दाणा जास्त झाला, चारा एकदम बदलला, तर पोटशूळ होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. गावातल्या डॉक्टरांचा हात बहुतेक वेळा गाई-म्हशींवर बसलेला असतो. घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर तुमच्यापासून किती किलोमीटरवर आहे? हा प्रश्न प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही. पैसे मात्र तिथेच बुडतात.

बारगीर कोण, शिलेदार कोण

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार. आज आपण "शिलेदार" हा शब्द मिरवतो, बारगिराला कुणी विचारत नाही. पण सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था बघा. २५ बारगिरांवर एक हवालदार आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी कोण देणार आणि नाल कोण ठोकणार, याची सोय स्वारांच्या हिशेबातच धरलेली. घोडदळ फक्त तलवारीवर चालत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

माझं मत स्पष्ट आहे. धंदा कुठलाही असो, घोड्याचा, चहाचा नाहीतर शिलाईचा, आधी बारगीर व्हा. दुसऱ्याच्या घोड्यावर शिका. त्यात कमीपणा नाही.

दादांना मी तीन कामं दिली:

१. नोकरी सोडू नका. तीन महिने सुट्टीच्या दिवशी पहाटे एखाद्या तबेल्यात जा. खरारा, खूर, लीद, चंदी, सगळं स्वतः करा. पैसे मागू नका, जमल्यास थोडे द्या.

२. एका लग्नसराईत वरातीच्या घोडेवाल्याबरोबर मदतनीस म्हणून फिरा. बँडसमोर घोडी कशी सांभाळतात ते बघा. किती तारखा मिळाल्या, किती रिकाम्या गेल्या, वहीत लिहा.

३. वर्षाच्या ३६५ दिवसांचा खर्च तुमच्या गावच्या भावाने मांडा आणि तो मुहूर्ताच्या दिवसांवर वाटा. येणारा आकडा लोकांना परवडणाऱ्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

कुणी म्हणेल, "सर, एवढा विचार केला तर संधी निघून जाईल. वरातीमागून घोडं होईल." मान्य, काही संधी जातात. आणि नुसती माहिती गोळा करत दहा वर्षं काठावर बसणारेही मी पाहिलेत. पण मी बसून राहा म्हणत नाहीये. उद्या पहाटे पाच वाजता तबेल्यात जा म्हणतोय. लोनच्या फॉर्मवर सही करण्यापेक्षा ते जास्त अवघड आहे. कारण चाळिशीत, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मोतद्दाराकडून "साहेब, असं नाही, हात खाली न्या" हे ऐकून घ्यावं लागतं. मला ते पडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

काल दादांचा मेसेज आला. दोन रविवार झाले. अजून घोडीवर बसलेले नाहीत. "सर, आज चारही खूर साफ केले. पाठ धरली, पण तिने पाय ओढून घेतला नाही."

यंदा सारंगखेड्याला ते जाणार आहेत, पण फक्त बघायला. घोडी घेतील की नाही, मला माहीत नाही. पण घेतलीच, तर आधी तिचा खूर उचलून बघतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, ज्या धंद्याचं स्वप्न बघताय त्यातलं सगळ्यात घाण काम कुठलं, ते एकदा कागदावर लिहा. आणि ते करायला उद्या कुठे जाणार, तेही.