बुद्धाचं मुंडकं

मागच्या महिन्यात लोअर परळच्या एका टॉवरात तिसाव्या मजल्यावर जाऊन आलो. पाहुणा म्हणून नव्हे. गोदीत काम लागलं नव्हतं. वस्तीतला एक दोस्त इंटिरिअरवाल्या कंत्राटदाराकडं आहे, तो म्हणाला चल, किचनचा दगड चढवायचाय, रोख देतात. दगड आणि आम्ही मालाच्या लिफ्टनं वर गेलो.

आत बघतो तर काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवर कारागीर विटांचे पातळ काप चिकटवतायत. माझ्या आईनं अर्धं आयुष्य विटा झाकण्यात घालवलं. भिशी लागली त्या साली तिनं दागिना केला नाही, घराला आतून गिलावा केला. उघडी वीट म्हणजे आमच्याकडं अर्धवट राहिलेलं घर. इथं तीच वीट चौरस फुटाच्या भावानं विकत आणलेली. छताला नुसत्या वायरवर लोंबणारे पिवळे बल्ब. दोस्त म्हणाला, याला इंडस्ट्रियल लुक म्हणतात. च्यायला, आमची पोरं असल्याच बल्बखाली मॅट्रिक झाली, तेव्हा कुणाला लुक दिसला नाही!

एका कोपऱ्यात गिरणीतला लाकडी धोटा, त्यात मेणबत्ती. इथले कितीतरी टॉवर गिरण्यांच्याच जमिनीवर उभे आहेत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, लाखांनी कामगार बाहेर पडले, त्यातले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. पण धोट्याची गोष्ट त्याच्याही आधीची. कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याच्या थुंकीनं विटाळ होईल म्हणून चांगल्या पगाराच्या विणखात्यात आमच्या माणसाला घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आज तो धोटा शोपीस झालाय. मी कुणाचं लक्ष नाही बघून त्याला हात लावून बघितला. गुळगुळीत होता.

दगडाचंही ऐका. क्वार्ट्झ म्हणतात त्याला. दगडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेली लादी. कोरडी कापली की सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली. आमच्यातला पोरगा तोंडाला हातरुमाल बांधून कापत होता. मालकीणबाई म्हणाल्या, धूळ सोफ्यावर येऊ देऊ नका.

मागच्या दाराशी कामवाल्या बाईचा संडास वेगळा. एवढ्या खोट्या जुन्या वस्तूंत ही एकच चीज अस्सल जुनी.

आणि पुढच्या दारात बुद्ध. अख्खा नाही. मानेपासून कापलेलं मुंडकं, खाली पाण्यात फुलं, बाजूला चपलांचा रॅक.

त्यांचं घर, त्यांचा पैसा. शिव्या घालून विसरलो असतो. पण दोस्तांनो, पंधरा दिवसांनी वरळीला गेलो. बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यातलं एक घर आमच्या ओळखीचं. पोरानं कर्ज काढून इंटिरिअर करायला घेतलंय. करावं. फॉल्स सीलिंग करावं, गरम पाण्याचा शॉवर लावावा. गरिबी आम्हाला शोभून दिसते असं सांगणारे साहित्यिक पुष्कळ झाले, त्यात माझी भर नको.

पण कंत्राटदारानं काढलेला नकाशा बघितला. टीव्ही युनिट आठ फूट. क्रॉकरीचं कपाट. चपलांचा रॅक. पुस्तकांना एक फळी नाही. बाबासाहेब 1912 ते 1934 परळच्या बीआयटी चाळीत राहिले, 50 आणि 51 नंबरच्या खोल्या, त्यातली एक अभ्यासाला. पुढं दादरला राजगृह बांधलं तेच मुळी पुस्तकांच्या हिशेबानं. ते काय सुतारकाम पुढं लावून पुस्तकं मागनं कोंबणारे नव्हते. मी हे बोललो तर पोरगा म्हणाला, सगळं मोबाइलवर असतं रे. त्याला काय उत्तर द्यावं? मोबाइल माझ्याही खिशात आहे.

मग हॉलच्या भिंतीचा विषय निघाला. चाळीतली बाबासाहेबांची तसबीर आजीनं फडक्यात गुंडाळून आणलेली. कंत्राटदार म्हणाला, आजी, ही निळी फ्रेम थीममध्ये बसत नाही, आतल्या खोलीत घ्या. इथं बुद्ध देतो. नुसतं डोकं, मागनं लाइट. आजकाल सगळे तेच लावतात.

पोरगा गप्प. सून गप्प. मीही, पाहुणा म्हणून, गप्प.

आजीनं विचारलं, "धड कुठाय त्याचं?"

त्याला वाटलं म्हातारी मस्करी करतेय. तो हसला, म्हणाला, तसंच येतं ते. आणि पॅनलला भोक पाडलं तर वॉरंटी जाईल.

आजीनं फडकं सोडलं, तसबीर मांडीवर घेतली, काच पदरानं पुसली आणि नातवाला म्हणाली, "खिळा आण."