डाग आणि धास्ती
खेळताना पडलेल्या मुलाच्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढावे, त्यात हाडावर अनपेक्षित डाग दिसावा आणि ‘ट्यूमर’ हा शब्द ऐकून आईबापांच्या तोंडचे पाणी पळावे, हे आम्ही अनेकदा पाहतो. वास्तविक वाढत्या वयातील नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा हा कर्करोग नव्हे. तो बहुधा आपोआप भरून येतो. रेखीव कडांचा हा डाग जाणकार तज्ज्ञ साध्या चित्रावरूनच ओळखतो. तेथे एमआरआयचा खर्च वा तुकडा काढून तपासणे सहसा अनाठायीच. मात्र रात्री ठणकणाऱ्या हाडाकडे दुर्लक्ष नको. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा सूक्ष्म गाभा सीटी स्कॅनमध्येच अधिक स्पष्ट दिसतो. नवी यंत्रे अवश्य यावीत. परंतु चित्र वाचणारा तज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयास आधी मिळावा, असे आम्हांस वाटते.