जुन्या जीपची परीक्षा

बेसा येथील एका भगिनींनीं कळविलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवांनीं नोकरीच्या पहिल्या वर्षांतील सारी शिल्लक घालून, चारही चाकांनीं ओढणारी एक जुनी गाडी घेण्याचें मनावर घेतलें आहे. आडवाटांनीं हिंडण्याची त्यांस हौस. ‘होकार द्यावा कीं नाहीं?’ असें त्या विचारतात. हौस वाईट नाहीं. परंतु शिल्लक कष्टाची आहे, आणि त्या गाडींत उद्यां घरचींच माणसें बसावयाचीं आहेत. आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवें अश्वपरीक्षेचें शास्त्र प्रसिद्ध आहे. तशीच जुन्या जीपचीही अंगप्रत्यंगें पाहून परीक्षा करावी.

प्रथम, नांवावर भुलूं नये. महिंद्रा कंपनीनें 1947 सालीं मुंबईस विलिस जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें त्या आकाराच्या प्रत्येक गाडीस आपण जीप म्हणूं लागलों. परंतु त्यांतील पुष्कळ गाड्यांची ओढ केवळ मागच्या चाकांवर असते. थारही 2023 पासून तशी मिळूं लागली आहे. 1985 सालीं आलेली मारुतीची जिप्सी मात्र चारचाकी ओढीची. ताडोबा व पेंच येथें पर्यटकांस अरण्यदर्शन घडविणारी ती हीच. अशा जुन्या गाडींत गिअरच्या दांड्याशेजारीं दुसरा आंखूड दांडा असतो. तो घालून मऊ मातींत गाडी सावकाश हांकावी व पुढचीं चाकें ओढतात कीं नाहीं, तें पाहावें. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा प्रयोग करूं नये; वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत, आणि त्यांस एकत्र बांधणाऱ्या दांतेरी चक्रांवर ताण पडतो.

दुसरें, रंगापेक्षां सांगाडा पाहावा. त्यासाठीं गाडीखालीं आडवें व्हावें लागतें. हातोडीनें हलकेच ठोकलें असतां निरोगी लोखंड खणखणतें, गंजलेलें बद्द वाजतें. समुद्रकांठीं राहिलेल्या गाडीविषयीं विशेष सावध असावें. आंसाच्या पेटींतील तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास आंत पाणी शिरलें आहे, असें समजावें. चारही टायर एकाच मापाचे असावेत. त्यांच्या बाजूवरील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन घडणीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात.

तिसरें, कागदपत्र. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडावा. कर्जाचा बोजा उतरला आहे, याची खात्री करावी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन 5 वर्षांपुरती वाढवून मिळते. कारखान्याच्या नमुन्यांत मनमानी फेरफार केलेली गाडी 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाच्या आड येते. म्हणून नवशिक्यानें मूळ स्वरूपांतलीच घ्यावी.

आपल्या भागांतील काळी माती ओली झाली कीं टायरच्या खांचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो; तेथें चारही चाकें मिळूनही हरतात. पहिल्या सफरी पावसाळा सरल्यावर, दोन गाड्यांनीं, ओढण्याचा दोर बरोबर घेऊन कराव्या. नाल्याचें पाणी आधीं पायीं चालून अजमावावें. मालकास विचारल्यावांचून शेतांत, आणि राखीव अरण्यांत तर मुळींच, गाडी घालूं नये.

भगिनींनीं होकार अवश्य द्यावा. मात्र सारी शिल्लक गाडीच्या किमतींत न घालतां तिचा कांहीं भाग दुरुस्तीसाठीं राखून ठेवण्यास, आणि सौद्याच्या दिवशीं विश्वासाचा कारागीर बरोबर नेण्यास चिरंजीवांना सांगावें.