तेंदूपत्ता : दराआधी पुडा मोजा

शाळेतले काळ-काम-वेगाचे गणित चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात सुटते. इथे मजुरी दिवसावर नाही, पुड्यांवर ठरते. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. दर बोलला जातो तो शेकडा पुड्यांचा.

समजा, सासू एकटी 5 दिवसांत गोणीभर पुडे बांधते, सुनेला 10 दिवस लागतात. दोघी मिळून किती? दिवसांची सरासरी काढली की उत्तर चुकलेच. एका दिवसाचे काम जोडायचे : 200 आणि 100, म्हणजे 300 पुडे. तीन दिवसांत 900, उरलेले 100 चौथ्या दिवसाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात.

खरी मेख मापात आहे. पुड्यात 75 पाने मागितली, तर गोणीमागे 5000 पाने, म्हणजे तब्बल 71 पुडे फुकट जातात. शेकड्याचा दर कागदावर तोच राहतो!

पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. भावासाठी त्या ताणून धरतात, ते योग्यच. पण करारात पुड्यातील पानांचा आकडाही लिहून घ्यावा आणि मोजणी गावासमोर व्हावी.