हत्ती घरातच राहिला

आपल्या गॅदरिंगमध्ये बुद्धिबळाच्या खोलीत क्रिकेटसारखी गर्दी कधीच नसते. त्यामुळे त्या खोलीत काय चालतं हे फारसं कोणाला कळत नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय, आणि ते मुख्यतः हत्तीबद्दल आहे. हसू नका, सबमिशनच्या दिवसांत मी हा विषय उगाच निवडलेला नाही.

मी बुद्धिबळ दोनदा शिकले. आधी कॉन्व्हेंटमध्ये, इंग्रजीतून. तिथे कोपऱ्यात रूक होता, त्याच्या शेजारी नाइट आणि मग बिशप. बिशप म्हणजे आमच्या अॅन्युअल डेला प्रमुख पाहुणे म्हणून यायचे ते, एवढंच मला माहीत. ते पटावर तिरके का पळतात हे काही केल्या कळेना. मग सुट्टीत रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा आबाजींनी सांगितलं की तो उंट आहे. कोपऱ्यातला तो हत्ती. आणि राणी नाहीच, वजीर! मला हे सगळं पटकन पटलं. पण खरा धक्का पुढे होता. पारावरच्या खेळाचे नियमच वेगळे निघाले.

आमच्या पारावर प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालतं. कॅसलिंग, म्हणजे मराठीत ज्याला किल्लेकोट म्हणतात, तो प्रकारच नाही. त्याऐवजी राजाला पूर्ण डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, तीही त्याला अजून शह बसलेला नसेल तरच. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की दरवेळी वजीर होत नाही, ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं. आणि समोरच्याची सगळी मोहरी खाऊन त्याचा राजा एकटा उरवलात, तर ते जिंकणं नव्हेच, ती बुर्जी. मात करायची ती समोरच्याकडे काहीतरी शिल्लक असताना. प्यादेमात केली तर दोन दिवस चहा फुकट.

आता यात हत्ती कुठे आला? मजा इथेच आहे. हत्तीची चाल दोन्ही खेळांत अगदी सारखी आहे, सरळ आणि रस्ता मोकळा असेल तितकी लांब. पण बाकीचे नियम बदलले की तोच हत्ती वेगळ्या पद्धतीने वापरावा लागतो. इंजिनिअरिंगची सवय म्हणून मी वहीवर मोजून पाहिलं. नव्या नियमात पांढऱ्याला पहिली खेळी २० प्रकारे करता येते, १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. देशीत प्याद्यांच्या ८, घोड्यांच्या ४ आणि राजाच्या उडीच्या २, म्हणजे १४. नव्या नियमात दुसऱ्याच खेळीला प्यादं प्याद्याला मारू शकतं. देशीत लवकरात लवकर तिसऱ्या खेळीला. फरक एकाच खेळीचा दिसतो, पण तो प्रत्येक प्याद्यामागे आहे. आठ प्यादी मुंगीच्या पावलांनी चालली की उभ्या रांगा उशिरा मोकळ्या होतात, आणि उभी रांग मोकळी नसेल तर हत्ती म्हणजे फाटकाबाहेर उभी एसटी.

नव्या नियमात किल्लेकोट केला की एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे जातो आणि हत्ती मध्याकडे येतो. चौथ्या खेळीलाच हे होऊ शकतं आणि पाचव्या खेळीला हत्ती राजाच्या मूळ घरात येऊन मधली रांग धरतो. देशीत तेच करायचं तर राजाच्या उडीसाठी आधी घर रिकामं करा, मग उडी मारा, मग हत्ती काढा. म्हणून आबाजी हत्तीला घाईने हात लावत नाहीत. ते म्हणतात, "पोरी, हत्ती शेवटी. आधी घोडा, मंग उंट, मंग पाहू." त्यांच्या खेळात हे अगदी बरोबर आहे. शेवटीसुद्धा हत्तीने सगळं खात सुटायचं नसतं, नाहीतर बुर्जी होते. हाकत हाकत राजाला कोपऱ्यात न्यायचं, गुरं गोठ्यात नेतात तसं.

हीच सवय घेऊन आपल्या भागातला मुलगा कॉलेजच्या स्पर्धेत बसतो. आणि हरतो.

थोडं मागे जाऊ. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात चतुरंगाचा उल्लेख येतो, म्हणजे खेळ निदान तेवढा जुना. त्यात कोपऱ्यातलं मोहरं रथ होतं आणि हत्ती आजच्या उंटाच्या जागी होता. चीनमधल्या बुद्धिबळात कोपऱ्यात अजून रथच आहे. बंगालीत तिथे नौका आहे, रशियनमध्येही होडी. युरोपात त्याचा बुरूज झाला आणि आपल्याकडे हत्ती. रशियन लोक तर आपल्या उंटाला आजही हत्ती म्हणतात! वाहन देशागणिक बदललं, चाल तीच राहिली. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात वजिराला आजची ताकद मिळाली, तोवर पटावर सगळ्यात बलवान मोहरं हेच होतं. त्याने काहीही न करता त्याचा नंबर दुसरा झाला. (आमच्या वर्गात टॉपरचं असं एका सेमिस्टरमध्ये झालं होतं.)

टेबलावरचे सगळे युद्धखेळ याच झाडाच्या फांद्या आहेत. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर तोफा आणि वेगवेगळी जमीन आणली. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी क्रीगश्पील हा खेळ घेतला. आज परदेशात, आणि आपल्या मोठ्या शहरांतही काही मुलं, वॉरहॅमर ४०,००० नावाचा खेळ छोट्या छोट्या रंगवलेल्या सैनिकांनी खेळतात. त्यात सैनिकांना वाहून नेणाऱ्या चिलखती गाड्या असतात. २०२३ मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली. तिच्यात गाडी हलण्याआधी सैनिक उतरले तर पुढे चालू शकतात आणि शत्रूवर धावूनही जाऊ शकतात. गाडी पुढे जाऊन थांबल्यावर उतरले, तर त्या पाळीत पुढे चालणं नाही आणि धावून जाणंही नाही. आणि गाडीने जादा पळ काढला असेल तर त्या पाळीत उतरायचंच नाही. 'चालत्या गाडीतून उतरू नये' हे आपण एसटीत वाचतोच! अशा नियमांमुळे त्या गाडीचा पूर्ण उपयोग बदलतो: कधी भरायची, कुठे उभी करायची, कोणाला आत ठेवायचं. गाडी मात्र तीच, कपाटातली.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे नवीन आवृत्ती आली तेव्हा मूळ नियम कंपनीने सगळ्यांना फुकट वाचायला दिले. जुने खेळाडू कुरकुरले असतीलच, पण त्यांच्या हातात कागद होता. आमच्या पारावर असा कागद कधीच आला नाही.

एकेकाळी आला होता म्हणा. १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळाच्या डावांवरचं पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, आणि त्यात आपल्याकडचे डाव युरोपियन पद्धतीला जुळवून दिले होते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्रीबुवांना कळलं होतं की नियम बदलले तर जुनं ज्ञान फेकायचं नसतं, जुळवून घ्यायचं असतं. आणि ते जुळतं याचा पुरावा म्हणजे पंजाबचा सुलतान खान. तो देशी नियमांनी वाढला, नवे नियम मोठेपणी शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. त्याची सुरुवात कच्ची आणि शेवट पक्का असायचा, असं सगळे लिहितात. देशी खेळ बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं, पण कधी? २०२४ मध्ये. तो १९६६ मध्येच गेला होता.

पण सुलतान खानला शिकवणारे भेटले. मागच्या वर्षी एका कॉलेजच्या स्पर्धेत माझ्या शेजारच्या बोर्डवर मानोरा तालुक्यातला एक फर्स्ट इयरचा मुलगा होता. छान खेळत होता. हत्ती दोन्ही घरातच, राजा मध्ये. जरा गर्दी झाल्यावर त्याने राजा उचलला आणि शांतपणे अडीच घरं उडवला. पंचांनी खेळी रद्द करून समोरच्याला दोन मिनिटं वाढवून दिली, ते नियमाने बरोबरच. पण मागे उभे असलेले हसले, आणि एकाने हिंदीत विचारलं की हा कुठल्या गावाहून आलाय. नंतर समोरच्याने त्याचं दोन घरं चाललेलं प्यादं जाता जाता मारलं. हा नियम त्याने ऐकलाच नव्हता. त्याला वाटलं आपल्याला फसवतायत. वाद घातला, आवाज चढला, आणि डाव गेला. यंदा तो स्पर्धेला आला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आमाले नाही जमत ते, ताई."

त्याला जमतं, हे मी शेजारी बसून बघितलं आहे. त्याला नियम कोणी सांगितले नव्हते.

काही जण म्हणतील, मग काय स्पर्धा देशी नियमांनी घ्यायची का? अजिबात नाही. स्पर्धेत एकच नियम हवा आणि तो फिडेचाच हवा. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, ती याच नियमांनी. त्यानंतर आमच्या ओळखीत किती घरांत पट आले! आबाजींचं म्हणणं, नवा खेळ घाईचा आहे. मला ते पटत नाही. किल्लेकोट ही मला पूर्ण खेळातली सगळ्यात हुशार खेळी वाटते, एका हातात दोन कामं. आणि पारावर मला कोणी बसू देत नाही, खेळ बघायचा तर ओट्यावरून, तेव्हा पाराबद्दल गळे काढण्याचं मला काही कारण नाही.

पण 'नियम सगळ्यांना माहीतच असतात' हे म्हणणं खोटं आहे. ते इंग्रजी शाळेत गेलेल्यांना, मोबाइलवर खेळणाऱ्यांना आणि क्लास लावलेल्यांना माहीत असतात. आपल्या कॉलेजात कारंजा, मालेगाव, मंगरूळपीरकडून येणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जण आजोबांकडून शिकलेले आहेत. त्यांना हरवून शिकवायचं की सांगून, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून स्पोर्ट्स कमिटीला माझी विनंती. पहिल्या फेरीआधी अर्धा तास ठेवा. मराठीत सांगा: प्यादं दोन घरं कधी, जाता जाता कसं मारतात, किल्लेकोट कधी चालतो आणि कधी नाही, राजाची उडी नाही. आणि हेही सांगा की इथे रांगा लवकर उघडतात, म्हणून हत्ती लवकर काढा; नियमाच्या पुस्तकात हे नसतं आणि गरज त्याचीच जास्त असते. दुसरं, त्याच खोलीत एक पट देशी डावाचा मांडा, बक्षीस नको, आणि ज्याला येतो त्याने तो आमच्यासारख्यांना शिकवावा. आमच्या पारावर तो नीट येणारे आता चार म्हातारे उरलेत आणि बुर्जीचे नियम त्या चौघांत सुद्धा जुळत नाहीत.

गॅदरिंगला अजून दोन महिने आहेत. नियमांचा कागद दोन्ही बाजू मिळून एका पानात बसतो, मी लिहून काढला आहे. झेरॉक्सचे पैसे तेवढे कमिटीने द्यावेत.